जयकेतूने दार का सोडलं?

सदाशिव गुरुजींना माणसाने काय केलं याच्याशी फारसं देणंघेणं नसे. "काय केलंस ते मला दिसतंय. का केलंस ते सांग." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल, देवाला ठाऊक. शाई सांडली तरी तेच, गणितात पैकीच्या पैकी मिळाले तरी तेच. एकदा चौथीतल्या एका मुलीला मैदानात कुणाचं तरी मनगटी घड्याळ सापडलं. तिने ते आणून दिलं. आम्ही बाकीचे शिक्षक "शाब्बास ग, शाब्बास" करत सुटलो. गुरुजींनी विचारलं, "का परत दिलंस?" पोरगी आधी घाबरली, मग खाली मान घालून म्हणाली, "प्रार्थनेच्या येली सगल्यांसमोर नाव घेतील म्हून." हेडमास्तरांचा चेहरा पडला. गुरुजी मात्र असे खुलले, की खिशातली होती नव्हती ती चिक्की त्यांनी तिच्या हातावर ठेवली.

मी भाईंदरला आले ती बासष्ट-त्रेसष्टच्या सुमारास. माहेर रत्नागिरीकडचं, नवरा मुंबईत गोदीत कामाला, आणि दोघांच्या पगारात खोली परवडली ती इथे. स्टेशनातून पश्चिमेला मोरव्याच्या दिशेने चालू लागलं की दोन्ही हातांना मिठागरं, मधून बांधाची वाट, आणि वाटेच्या शेवटी आमची चार खोल्यांची शाळा. पहिल्याच दिवशी मी चिखलात घसरले. बांधावर एक उंच, सावळा, काळी टोपी घातलेला माणूस उभा होता. हात द्यायचा सोडून म्हणाला, "बाई, घाई का केलीत?" मी म्हटलं, "शाळेला उशीर होतोय म्हणून, आणि तुमच्यासारखे लोक वाटेत प्रश्न विचारत उभे राहतात म्हणून!" माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणायची, ते खोटं नव्हतं. ते हसले, मग हात दिला. तेच सदाशिव गुरुजी.

त्यांचं घर गावातलं जुनं, खाऊनपिऊन सुखी. भाताची खारजमीन, मिठागरात वाटा. वर्गात पुस्तकी मराठी बोलायचे, आणि चिडले की घरची बोली बाहेर पडायची. "गप ऱ्हा रे, मना आयकू दे!" असं ओरडले की चारही वर्ग चिडीचूप. मारलं मात्र कुणाला कधी नाही. हात उगारायचे आणि त्या उगारलेल्या हाताकडे स्वतःच बघत राहायचे. मग हात खाली. मला सुरुवातीला हे नाटक वाटायचं.

शनिवारी शेवटच्या तासाला ते गोष्ट सांगत. गोष्ट नेहमी एकच, जयकेतूची. त्यांनी स्वतः रचलेली. समुद्राकाठी लवणनगर नावाचं राज्य. राज्याभोवती तट, तटाला समुद्राच्या बाजूने एक दार, आणि त्या दाराचा राखणदार हा जयकेतू. त्याची शपथ अशी, की भरतीचं पाणी मागे सरेपर्यंत दारावरून हलायचं नाही. त्याला चपळ नावाचा घोडा, विद्युत नावाची तलवार. समुद्रात त्रिमुख नावाचा राक्षस. दर शनिवारी जयकेतू काहीतरी नवा पराक्रम करायचा, कधी पाण्याखालच्या राजवाड्यात जायचा, कधी देवमाशाच्या पोटातून बाहेर यायचा. पोरं श्वास रोखून ऐकायची. शेजारच्या वर्गात मी पाढे घेत असायची. माझ्या पोरांचं लक्ष पाढ्यांकडे नसायचं. शेवटी मीही पाढे बंद करून त्यांना पलीकडे नेऊन बसवू लागले. करणार काय!

पण वर्षातून एकदा, श्रावणात, ते गोष्टीचा एकच भाग सांगायचे. भरती चढतेय. जयकेतू दारावर. समोर समुद्रात त्रिमुखाने वऱ्हाडाची नाव धरलीय, माणसं हाका मारतायत. जयकेतू दार सोडतो, पाण्यात झेप घेतो, राक्षसाची तिन्ही मुंडकी उडवतो, माणसं वाचवतो. नगरात जयजयकार होतो. राजा सोन्याचं चिलखत देतो. आणि संध्याकाळी पाणी ओसरल्यावर कळतं की उघड्या राहिलेल्या दारातून समुद्र आत आला, आणि दाराशेजारी राहणारी एक म्हातारी त्यात बुडाली.

"आता सांगा," गुरुजी म्हणायचे. "जयकेतूने दार का सोडलं? कर्तव्य म्हणून, की नावासाठी? कर्तव्यवाले दाराकडे बसा, नाववाले खिडकीकडे. आणि नुसतं बसायचं नाही, कारण द्यायचं."

मग जो काही गोंधळ व्हायचा! "माणसं बुडत होती ना गुरुजी, मग?" "दार कोन बघनार मग, तुझा बाप?" "राजानं चिलखत दिलं तर त्यानं घेतलं का? न्हाय म्हनायचं ना!" एका वर्षी तपासणीला आलेले साहेब नेमके त्याच तासाला वर्गात शिरले. थोडा वेळ ऐकलं आणि घसा खाकरून निकाल दिला, "अर्थातच कर्तव्य. यात वादाचा प्रश्न येतोच कुठे?" गुरुजी अदबीने म्हणाले, "मग साहेब, आपण दाराकडे बसा." आणि साहेब खरंच पोरांच्या पट्टीवर मांडी घालून बसले! खिडकीकडून एका चिमुरडीने विचारलं, "त्यानं दार लावून मग उडी मारली असती तर काय झालं असतं?" साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि म्हणाले की आपल्याला पुढच्या शाळेत जायचंय. आम्ही महिनाभर हसत होतो. त्या चिमुरडीच्या प्रश्नावर गुरुजी मात्र हसले नव्हते.

गोष्ट गावभर झाली होती. स्टेशनाजवळचा गुजराती किराणावाला शेठ वजन करता करता विचारायचा, "मास्तर, जयकेतूनुं शुं थयुं?" आणि स्वतःच निकाल द्यायचा, "नाम तो सबको चाहिए, मास्तर. उसमें क्या बुरा है?" गुरुजी पुडी घेऊन गुपचूप निघून जायचे.

मी पक्की कर्तव्यवाली. मी त्यांना चांगलं सुनवायची. "समोर माणसं बुडतायत आणि हा शहाणा दाराशी शपथ कुरवाळत बसला असता, तर त्याला वीर कोण म्हणालं असतं हो? उगाच चांगल्या माणसाच्या मागे लागलायत तुम्ही!" एकदा यावर ते म्हणाले, "बाई, तुमचं ऐकलं की मला बरं वाटतं. दोन दिवस झोपही लागते. म्हणून तुमचं ऐकायची भीती वाटते." मला तेव्हा काही कळलं नाही. तऱ्हेवाईक माणूस, म्हणून मी सोडून दिलं.

तऱ्हा तरी किती सांगायच्या! पाया पडायला कुणी वाकलं की दोन पावलं मागे सरायचे. ग्रामपंचायतीच्या कचेरीत पाऊल टाकत नसत. काम असलं तर बाहेर उभं राहून खिडकीतून कागद द्यायचे, पाऊस असला तरी. आणि पावसाळ्यातल्या अमावस्या-पौर्णिमेला अर्ध्या दिवसाची रजा टाकून बांधावर जायचे. तिथे उघाडी होती. उघाडी म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. ओहोटीला फळ्या काढायच्या, शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं. भरती यायच्या आत फळ्या खाचेत घालायच्या, नाहीतर खारं पाणी आत येऊन भात जळतं. उधाणाच्या दिवशी गावातल्या घरांनी पाळीपाळीने उघाडीवर बसायचं आणि भरती फिरेपर्यंत उठायचं नाही, हा जुना रिवाज. गुरुजी सगळ्यांच्या पाळ्या स्वतः करायचे. लोक म्हणायचे, "गुरुजी देवमाणूस हाय, आपल्याला घरी झोपू देतो."

एकदा कसल्याशा दाखल्यासाठी मी पंचायतीत गेले, तर भिंतीवर फोटो. तरणेबांड गुरुजी, खांद्यावर शाल, हातात नारळ. कारकून कौतुकाने सांगू लागला. बारा-पंधरा वर्षांपूर्वी श्रावणातल्या उधाणाला खाडीत होडी उलटली होती, सदाशिवाने उडी टाकून पाच माणसं बाहेर काढली. गावाने सत्कार केला. "आणि उघाडीतून पाणी आत घुसून एक म्हातारी गेली बिचारी त्याच दिवशी," तो म्हणाला. "पण पाच जीव वाचले ना."

माझ्या हातातला कागद तसाच राहिला. त्या दिवशी उघाडीवर पाळी कुणाची होती, हे मी विचारलं नाही. विचारायची गरजच काय होती? शाळेत परतले तर गुरुजी फळ्यावर सुविचार लिहीत होते. मला त्यांच्या पाठीकडे बघवेना.

ती म्हातारी म्हणजे आमच्या शाळेत पाणी भरणाऱ्या जनाबाईची आई, हे मला आणखी काही दिवसांनी कळलं. जनाबाई चाळिशीची, काटक, कमी बोलणारी. माठ भरले, अंगण झाडलं की शनिवारी तीही उंबऱ्यावर बसून गोष्ट ऐकायची. गुरुजी तिच्याकडे कधी बघत नसत. तिच्या हातून पाणीही घेत नसत. तहान लागली की स्वतः उठून माठाशी जायचे. मला आधी वाटलं होतं, की हा सोवळेपणा दिसतोय. किती वाईट बोलले होते मी मनातल्या मनात!

मग एका श्रावणातला शनिवार आला. सत्तर साल उलटलं असेल. गोष्ट संपली, पोरं दाराकडे-खिडकीकडे धावली, आणि उंबऱ्यावरून जनाबाई म्हणाली, "गुरुजी, एक इचारू?"

जनाबाई वर्गात कधी बोलत नसे.

"तुमच्या गोष्टीत घोऱ्याला नाव हाय. तलवारीला नाव हाय. त्या राक्षसाला पन नाव हाय. म्हातारीला नाव न्हाय का?"

गुरुजींनी खडू खाली ठेवला. पोरं एकमेकांकडे बघू लागली. गुरुजींनी घंटा व्हायच्या आधीच पोरांना घरी सोडलं. मी निघत होते, तर म्हणाले, "बाई, तुम्ही थांबा. जनाताई, तूही थांब. मला एकट्याला जमायचं नाही."

आम्ही तिघं त्या रिकाम्या वर्गात. ते उभेच होते.

"गोमाबाई," ते म्हणाले. "नाव गोमाबाई." आणि मग त्यांना पुस्तकी मराठी सुचेना, घरचीच बोली आली. "जना, त्या दिशी पाली माझी व्हती. चार फल्यांतल्या दोन घातल्या व्हत्या. दोन बाकी. तुझी आय आतल्या ओहलात चिंबोऱ्या धरीत व्हती. मी तिला बोललो, आजे, पानी वर येतंय, निघ. ती बोलली, तू हायस ना दारावर, मग मना काय भ्याव. तवऱ्यात होरी पलटली. मी धावत गेलो."

"ह्ये सगल्यांना ठाव हाय," जनाबाई म्हणाली.

"न्हाय. आयक. त्या दोन फल्या घालायला कितीक येल लागला असता? पान खायला लागतो तेवरा. मी फल्या उचलल्या पन व्हत्या. पन पलीकरच्या बांधावरून काशिनाथ धावत येताना दिसला. तो माझ्याहून तरबेज पोहनारा. त्यानं एकट्यानं पाची काढली असती. मना ठाव व्हतं. मना वाटलं, हा आधी पोचंल. नाव ह्याचं व्हईल." गुरुजींनी दोन्ही हात समोर धरले, तसेच, फळी धरल्यासारखे. "म्हून टाकल्या मी फल्या. खाली. चिखलात."

इतकी वर्षं मी या माणसाला कर्तव्याचे धडे देत होते! जनाबाई रडली नाही. पदराने हात पुसले, कोरडेच होते, तरी पुसत राहिली.

"मना कशाला सांगता?" ती म्हणाली. "शाल मी दिली व्हती का तुमाला? ज्यांनी दिली त्यांना सांगा. मना सांगून तुमचं हलकं झालं गुरुजी. माझं जड झालं. आजवर माझी आय पान्यानं गेली व्हती."

आणि ती माठ उचलून बाहेर गेली.

त्यानंतर जयकेतू बंद झाला. पोरांनी खूप मागे लागून पाहिलं, "गुरुजी, पुढं काय झालं?" ते शुद्धलेखन घालायचे. जनाबाई पाणी भरत राहिली, पण शनिवारी उंबऱ्यावर बसली नाही. आणि गुरुजी सांगायचं ठरवून माघार घेत राहिले. मला ठाऊक आहे, कारण दर वेळी ते मला आधी सांगायचे, "बाई, या ग्रामसभेत बोलतो." ग्रामसभा व्हायची. ते कचेरीच्या बाहेर खिडकीपाशी उभे राहायचे आणि सभा संपली की घरी जायचे. एका होळीला गेले, गाव जमलं होतं, तिथूनही परत आले. मी एकदा संतापले. "अहो, बोलायचं तर बोला, नाहीतर विसरा तरी! हे अर्धमेलं जगणं कशासाठी?" ते म्हणाले, "बोललो तर लोक थुंकतील, याची भीती नाही वाटत, बाई. माझं नाव जाईल, याची वाटते. अजून वाटते. म्हणजे बघा, मी अजून तिथंच उभा आहे." ते रडत होते, आणि मला त्यांची कीवही येत होती आणि रागही.

पुढे गाव बदलू लागलं. स्टेशनाजवळच्या शेतांत चारमजली इमारती उठल्या, कुणी जमीन विकली, कुणी विकायच्या बेतात. उघाडीच्या पाळ्या कुणाला आठवेनात. गुरुजी एकटेच जायचे. ते निवृत्त झाले तेव्हा गावाने समारंभ ठरवला. शाळेच्या पटांगणात मांडव, कर्णा, खुर्च्या. मला खात्री होती की हा माणूस त्या दिवशी ताप आल्याचं सांगून घरी बसणार. पण आदल्या दिवशी ते स्वतः जनाबाईच्या दारात गेले आणि म्हणाले, "उद्या ये." एवढंच. ती आली. मागे, मांडवाच्या शेवटच्या बांबूपाशी उभी राहिली.

सरपंच होता काशिनाथ. तोच, दुसऱ्या बांधावरचा. आता केस पिकलेले, पोट सुटलेलं, मनाने मोकळा माणूस. त्याने माईक हातात घेतला आणि पाच जिवांची कथा सांगितली. "मी पन धावलो व्हतो," तो हसत म्हणाला, "पन ह्यो वाघ माझ्या आधी!" लोक हसले. शाल आली. गुरुजींनी ती खांद्यावर घेऊ दिली नाही, हातानेच बाजूला सारली आणि माईकपाशी आले.

त्यांनी सांगितलं. सगळं. गोमाबाईचं नाव घेऊन सांगितलं. दोन फळ्या, पलीकडून येणारा काशिनाथ, चिखल. एक शब्द गाळला नाही. "मी माणसं वाचवायला गेलो नव्हतो," ते म्हणाले. "मी पहिला यायला गेलो होतो. गोमाबाई माझ्यामुळे गेली. त्या दिवशी तुम्ही मला शाल दिलीत, ती मी गप बसून घेतली."

मी मनात म्हणत होते, आता कुणीतरी उठा, काहीतरी बोला, शिवी द्या त्यांना, पण बोला.

काशिनाथ उठला. डोळ्यांत पाणी. त्याने गुरुजींना कडकडून मिठी मारली आणि माईकवर ओरडला, "बघा! बघा रे पोरांनो! एवढं खरं बोलायला वाघाचं काळीज लागतं! असा गुरुजी पुन्हा होनार न्हाय!"

आणि टाळ्या पडल्या. आधी पुढच्या खुर्च्यांतून, मग सगळ्या मांडवातून. माणसं उभी राहिली. म्हाताऱ्या डोळे पुसत होत्या. कुणीतरी जयजयकार केला, तो दुसऱ्यांनी उचलला. गुरुजी हात जोडून काहीतरी सांगत होते. माईक काशिनाथाच्या हातात होता, म्हणून ऐकू येत नव्हतं, पण ओठ दिसत होते. "नका. वाजवू नका. ऐका तरी." जितके ते हात जोडत, तितके लोक चेकाळत. बांबूपाशी जनाबाई नव्हती. मी वळून बघितलं तर ती बांधाच्या वाटेला लागली होती, पाठमोरी, भरभर चालत.

गुरुजींनीही ते पाहिलं. मग त्यांची नजर पहिल्या रांगेत उतरली, माझ्यावर थांबली. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हते. मी खाली पाहिलं. माझे दोन्ही हात टाळ्या वाजवत होते.